महर्षी कर्वे आणि शिक्षणाचा ताळेबंद

दहावी-बारावीचे निकाल लागले की जोगेश्वरी पूर्वेच्या चाळींच्या ओट्यांवर आणि स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे एकच चर्चा ऐकू येते. कोणत्या शाखेला किती टक्के लागतील, फी किती पडेल आणि शिकून झाल्यावर पगार किती मिळेल, हे तीन प्रश्न विचारून झाले की शिक्षणाविषयी विचारण्याजोगे काही उरत नाही, असा आपल्या समाजाचा समज झालेला दिसतो. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवून उदरनिर्वाह करणारा असल्यामुळे ह्या प्रश्नांना नाके मुरडण्याचा त्याला अधिकार नाही. महिन्याच्या मिळकतीतून भाडे, वाण्याचे बिल आणि औषधपाणी भागवताना ज्याची ओढाताण होते, त्याने मुलाच्या फीचा व पगाराचा विचार करू नये असे सांगणे, हा पोट भरलेल्यांचा शहाजोगपणा होय. परंतु हिशेब करायचाच तर तो पुरा केला पाहिजे. जमेला काय धरायचे, खर्ची काय टाकायचे आणि मुख्य म्हणजे तो खर्च कोणाच्या नावावर पडला, हे तपासल्याखेरीज कोणताही ताळेबंद पुरा होत नाही. असा पुरा ताळेबंद मांडून पाहण्यासाठी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या आयुष्याइतके सोयीचे आयुष्य महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. ते सुरुवातीपासून अखेरपर्यंत गणिताचे शिक्षक होते आणि पै-पैचा हिशेब ठेवण्याची त्यांना जन्मभर सवय होती.

शालेय पाठ्यपुस्तकांनी कर्व्यांना महर्षी करून टाकले आणि त्या पदवीखाली त्यांचा खरा चेहरा झाकला गेला. पांढरी दाढी, हिंगण्याची झोपडी आणि शंभरी ओलांडलेले वय एवढेच आपल्याला आठवते. हा मनुष्य लाजाळू होता, वक्ता नव्हता, बुद्धीच्या तेजाने डोळे दिपवून टाकणाऱ्यांपैकी नव्हता आणि त्याचे शिक्षण त्याच्या पिढीतल्या हुशार मुलांच्या मानाने फार रखडत झाले होते, ह्याचा विसर पडतो. तो पडू देऊ नये, कारण आमच्या वर्गात बसणारी बहुसंख्य मुले ह्याच जातकुळीची असतात.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली ह्या आजोळच्या गावी झाला. घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. वडील केशवपंत घरापासून दूर बेताच्या पगारावर नोकरी करीत. घरात उपासमार नसली तरी पैसा मोजून-मापून खर्च करावा लागे. मुरूडला सोमण गुरुजी नावाचे एक शिक्षक होते. पुस्तकातले धडे शिकवून थांबणारे ते शिक्षक नव्हते. गावासाठी काहीतरी करावे हा छंद त्यांनी मुलांना लावला. गावात येणारी वर्तमानपत्रे दुर्गादेवीच्या देवळात बसून गावकऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम पोरवयातल्या धोंडोपंतांकडे आले. ज्याला वाचता येते त्याने न येणाऱ्याला वाचून दाखवायचे, हा त्यांच्या शिक्षणाचा पहिला उपयोग होता. त्या कामाचे कोणी पैसे दिले नाहीत आणि त्याची कोणत्या दाखल्यावर नोंदही झाली नाही.

१८७५ साली मराठी सहावीची सरकारी परीक्षा देण्यासाठी ते सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्यास पायी निघाले. शंभराहून अधिक मैलांचा रस्ता, पावसाचे दिवस आणि वाटेत सह्याद्री. साताऱ्यात पोहोचल्यावर परीक्षा समितीच्या प्रमुखाने त्या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे ठरवून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. वयाचा दाखला जवळ होता, पण तो मानला गेला नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते ही परीक्षा उत्तीर्ण झाले. ही हकीकत जिद्दीचा नमुना म्हणून सांगण्याची प्रथा आहे आणि ती जिद्द होतीच. पण अर्थशास्त्राच्या शिक्षकाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ही परीक्षा म्हणजे सरकारी नोकरीचे दार होते. सतरा वर्षांचा मुलगा शंभर मैल चालत गेला तो नोकरीसाठी. ज्ञानाची तहान वगैरे भाषा त्याच्या मनातही नसणार. साताऱ्याच्या साहेबाने त्याला बसू दिले असते तर कदाचित कोकणातल्या एखाद्या शाळेत मास्तर म्हणून किंवा कचेरीत कारकून म्हणून तो निवृत्त झाला असता. शिक्षणाकडे पोटासाठी वळणे ह्यात कमीपणा काही नाही. पोटासाठी सुरू केलेले शिक्षण पुढे कोठे नेते, हा खरा प्रश्न आहे.

त्यानंतर इंग्रजी शिक्षण सुरू झाले, प्रथम रत्नागिरीस आणि मग मुंबईस. रॉबर्ट मनी शाळेतून ते १८८१ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. ज्या वयात आजचा मुलगा पदवी घेऊन वर्षभर अर्ज करून थकलेला असतो, त्या वयात कर्वे मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये गणित घेऊन ते बी. ए. झाले, तेव्हा सव्विसावे वर्ष चालू होते. लहानपणीच लग्न झालेले होते. पत्नी राधाबाई आणि मूल ह्यांचा संसार होता. मुंबईत त्यांनी शिकवण्या धरल्या, कॅथीड्रल व अलेक्झांड्रा ह्या मुलींच्या शाळांत गणित शिकवले. पहाटे अंधारात घर सोडायचे आणि एका विद्यार्थ्याच्या घरून दुसऱ्याच्या घरी पायी जायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. उपनगरातून पहिल्या गाडीने निघणाऱ्या आजच्या क्लासवाल्या मास्तरांना तो अपरिचित वाटू नये.

ह्या धावपळीच्या वर्षांतच एक सवय जडली, तिच्याकडे चरित्रकारांचे लक्ष कमी गेले आहे असे आमचे मत आहे. मिळकतीचा एक ठरावीक अंश कर्वे लोककार्यासाठी बाजूला काढून ठेवू लागले. मुंबईत चाकरी करणाऱ्या मुरूडकरांकडून असाच अंश गोळा करून त्यांनी मुरूड फंड उभा केला. तो पैसा गावाच्या उपयोगासाठी होता. रक्कम मोठी नव्हती. पण शिकून शहरात गेलेल्या माणसाच्या पगारावर त्याला शिकवणाऱ्या गावाचा काही हक्क आहे, ही कल्पना त्यामागे होती. सोमण गुरुजींनी देवळात वर्तमानपत्र वाचायला लावले, तेव्हा जे पेरले ते येथे उगवले असे म्हणता येईल. पुढे कोट्यवधींच्या घरात जाणारे ट्रस्ट मुंबईत पुष्कळ झाले. कारकुनांच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या फंडाची थोरवी वेगळी आहे.

१८९१ हे वर्ष ह्या आयुष्याचा सांधा होय. त्या वर्षी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी त्यांना फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी पुण्यास बोलावले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य पंचाहत्तर रुपये दरमहा घेऊन वीस वर्षे काम करण्यास बांधलेले असत. मुंबईत शिकवण्या करून ह्याहून अधिक मिळवणे कर्व्यांना अशक्य नव्हते. ते पुण्यास गेले. पगाराच्या रकान्यात पाहिले तर हा तोट्याचा सौदा होता.

दोन वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई म्हणजे त्यांचे मित्र नरहरपंत जोशी ह्यांची बहीण. बालपणीच लग्न, बालपणीच वैधव्य आणि मग सासरी काबाडकष्ट, असे तिचे आयुष्य चालले होते. भावाबरोबर ती मुंबईस आली आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ साली सुरू केलेल्या शारदा सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक झाली. पस्तिशीच्या विधुराला सहज कुमारिका वधू मिळत असे; त्या काळात तीच रीत होती. कर्व्यांनी विधवेशी लग्न केले, आणि तेही शिकलेल्या विधवेशी. ह्या विवाहानंतर गोदूबाई आनंदीबाई झाल्या आणि पुढे सारे त्यांना बाया म्हणू लागले. मुरूडच्या गावकीने कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्यांच्याशी व्यवहार ठेवणाऱ्यांवरही तो पडणार होता, म्हणजे त्याची झळ गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या आईला आणि भावाला लागणार होती. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावाने दार लावले.

ह्यानंतरचा प्रसंग ह्या चरित्रात सर्वांत महत्त्वाचा आहे, पण त्यात नाट्य नसल्यामुळे तो सहसा सांगितला जात नाही. कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. व्याख्याने दिली, वर्गणी गोळा केली, जुळणारे विवाह जुळवले. थोड्याच काळात गणिताच्या ह्या शिक्षकाच्या ध्यानात आले की आकडा फारसा हलत नाही. पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि न करू शकणाऱ्या हजारो. ज्या स्त्रीला वाचता येत नाही, स्वतःच्या कमाईचा एक रुपया जिने पाहिलेला नाही, तिच्यापुढे पुनर्विवाहाचा पर्याय ठेवणे म्हणजे एका आश्रयातून दुसऱ्या आश्रयात जाण्याची मुभा देणे होय, हा निष्कर्ष त्यांच्या पुढील कृतीतून निघतो. १४ जून १८९६ रोजी त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि आपली शिल्लक त्यात घातली. स्वतः विधवेशी विवाह केलेल्या माणसाने विधवाविवाहाची चळवळ मागे ठेवून विधवांच्या शिक्षणाची वाट धरली. सुधारकांना ही माघार वाटली. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही हे धोरण त्यांनी सनातन्यांचा विरोध बोथट करण्यासाठी पत्करले, अशी टीका झाली आणि ती पूर्णपणे निराधार नव्हती. आमच्या मते मात्र येथेच शिक्षणाने वाटाड्याचे काम केले. आपण घेतलेली भूमिका आकड्यांशी जुळत नाही हे पाहणे आणि भूमिकेचा अभिमान न धरता पाऊल वळवणे, ही गोष्ट बी. ए. च्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारली जात नाही.

प्लेगामुळे १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास न्यावा लागला. दानात मिळालेल्या उजाड जमिनीवर झोपडी उभी राहिली. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवून कर्वे संध्याकाळी सुमारे चार मैल चालत हिंगण्यास जात, जाताना आश्रमाचे सामानसुमान खांद्यावरून नेत आणि तेथे पुन्हा शिकवत. पावसाळ्यात वाट चिखलाची असे. हे चित्र सर्वांना ठाऊक आहे. चित्राबाहेर कोण होते, ते आता पाहू.

बाया कर्वे पुण्यातल्या घरी होत्या. नवऱ्याचा पगार पंचाहत्तर रुपये, त्यातून आश्रमाला जाणारा भाग वेगळा. शिल्लक आश्रमात गेली, आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा कर्व्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली. उद्या नवरा नसला तर मुलांनी काय खावे, हा प्रश्न बायांनी विचारला आणि त्यावरून घरात वाद झाले. वैधव्य म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. एकदा ते भोगून झाले होते. त्या नागपुरास जाऊन सुईणीचा शिक्षणक्रम पुरा करून आल्या, म्हणजे संसाराला आपला हातभार लागावा. घरी विद्यार्थी ठेवून त्यांच्या जेवणाखाणाची व्यवस्था पाहिली. ‘माझे पुराण’ ह्या आत्मकथनात त्यांनी हे सारे मोकळेपणाने सांगितले आहे. ज्यांना केवळ महर्षी हवे असतात त्यांनी ते पुस्तक वाचू नये. ज्यांना कर्वे समजून घ्यायचे असतील त्यांनी ते अगोदर वाचावे. संस्थेच्या जमाखर्चात देणगीदारांची नावे रुपये-आणे-पैंसह सापडतात. बायांनी काटकसरीतून, रात्रीच्या जागरणातून आणि मुलांच्या काळजीतून दिलेली देणगी त्या वहीत कोठेही नाही. विकासाचे आकडे मांडताना घरकामाची किंमत शून्य धरण्याची आम्हा अर्थशास्त्रज्ञांची खोड जुनी आहे.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ह्यांचेही तसेच. तरुणपणी वैधव्य आले, पदरी एक मुलगा, अक्षरओळख जेमतेम. मेव्हण्याच्या घरी येऊन त्या उशिरा शिकल्या, आश्रमाचा कारभार पाहू लागल्या आणि निधीसाठी गावोगाव हिंडल्या. वपन केलेली ही बाई १९१२ साली आपल्या विचाराने ते व्रत सोडते आणि १९१८ साली, पंचेचाळिशी उलटल्यावर, इंग्रजी फारसे येत नसताना अमेरिकेस जाते, तेथे घरकाम करून पोट भरते आणि भाषा शिकते. हिंगण्याच्या झोपडीने काय निर्माण केले ह्याचा पुरावा हवा असेल तर तो पार्वतीबाईंच्या ह्या प्रवासात आहे.

१९१४ साली कर्वे फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. निवृत्तिवेतन दरमहा तीस रुपये होते. छप्पन्न वर्षांचा माणूस आता विसावेल, अशी अपेक्षा वावगी नव्हती. त्या सुमारास जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतातही असे विद्यापीठ असावे ही कल्पना मांडली आणि १९१६ च्या जूनमध्ये ते विद्यापीठ सुरूही झाले. सरकारी सनद नव्हती, इमारत नव्हती आणि विद्यार्थिनींचा आकडा एका बाकावर मावण्याइतका होता. १९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा एकसुद्धा भरले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वेळी लोकांनी ह्याला खूळ का म्हटले असेल ते कळते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातुःश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी ह्यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. पुढच्याच वर्षी पहिल्या पाच पदवीधर स्त्रिया बाहेर पडल्या. विद्यापीठ १९३६ मध्ये मुंबईत आले. कायद्याने त्याला पूर्ण मान्यता मिळण्यास मात्र १९५१ साल उजाडावे लागले, म्हणजे तीस वर्षे तेथील पदवीला सरकारदरबारी वजन नव्हते.

ह्या विद्यापीठावर त्या काळी आक्षेप घेतले गेले आणि त्यांतील काही आजही खोडून काढता येत नाहीत. मातृभाषेतून शिक्षण हा आग्रह योग्य होता आणि काळाच्या पुढेही होता. परंतु स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम, त्यात गृहजीवन व आरोग्य ह्यांना दिलेले मोठे स्थान, ह्यामागे स्त्रीने शिकावे ते मुख्यतः चांगली माता व गृहिणी होण्यासाठी, ही समजूत होती. शिवाय आश्रमाच्या प्रारंभीच्या काळात लाभ झाला तो बहुतांशी पांढरपेशा जातींतील विधवांना. कर्व्यांच्या जन्माच्या दहा वर्षे आधी, १८४८ साली, त्याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली होती, आणि त्यांची नजर कितीतरी दूरवर पोहोचलेली होती. हे सांगितल्याने कर्वे लहान होत नाहीत. ते त्यांच्या घराच्या आणि जातीच्या मर्यादेतून निघाले आणि एकेक मर्यादा मागे टाकत गेले. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, ते जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान आणि मग आफ्रिका असा हा प्रवास शिक्षणपरिषदांतून बोलत आणि वर्गणी गोळा करत झाला. त्यानंतर, १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. विद्यापीठाच्या संस्थापकाला ज्या खेड्यात एकही शाळा नाही तेथे पहिली यत्ता काढावीशी वाटली. आणि १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद व विषमता ह्यांविरुद्ध समता संघ स्थापन केला. संघाने फार मोठे काम केले असे म्हणता येणार नाही. तेवढा अवधी आणि तेवढी शक्ती उरली नव्हती. मात्र शहाऐंशीव्या वर्षी नव्या प्रश्नाकडे वळणारी माणसे आमच्या प्राध्यापकवर्गातही फारशी आढळत नाहीत, पंचेचाळिशीनंतर नोटा बदलण्याचाही आम्हाला कंटाळा येतो.

त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे हेही गणिताचेच प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातली नोकरी सोडावी लागली आणि पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक तोटा सोसून चालवले. एकाच घरात, एकाच विषयाच्या शिक्षणाने पित्याला एका वाटेवर नेले आणि पुत्राला फार वेगळ्या वाटेवर.

आता ह्या सर्व हिशेबाकडे आपल्या शास्त्राच्या दृष्टीने पाहू. शिक्षणावरचा खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे, हे अर्थशास्त्रात ठामपणे मांडले गेले ते थिओडोर शुल्ट्झ ह्यांच्या १९६० सालच्या भाषणापासून. मानवी भांडवल हा शब्द तेव्हापासून रूढ झाला आणि शुल्ट्झ ह्यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सिद्धांत चांगला आहे, पण त्याचा जो अर्थ आमच्या चाळींपर्यंत आणि सोसायट्यांपर्यंत झिरपला तो एवढाच की जेथे परतावा अधिक तेथे पैसा घालावा. मग मुलाच्या शिक्षणाची गणना गुंतवणुकीत होते, कारण त्याचा पगार घरात येणार. मुलीच्या शिक्षणाची गणना खर्चात होते, कारण ती परक्याच्या घरी जाणार. ही मांडणी कोणी तोंडाने बोलून दाखवत नाही. पैसे अपुरे पडले की मात्र ती आपोआप अंमलात येते. धाकट्या मुलाला इंजिनिअरिंगचा क्लास लावायचा असेल तर थोरल्या मुलीने बाहेरून परीक्षा द्यावी, हा निर्णय अनेक घरांत कोणतीही चर्चा न होता घेतला जातो.

जोगेश्वरीत शिकण्याची सोय नाही असे म्हणता येणार नाही. टेकडीवरचे इस्माईल युसुफ महाविद्यालय १९३० पासून उभे आहे. कर्व्यांच्या विद्यापीठाचा जुहूचा परिसर सांताक्रूझ स्टेशनावर उतरून गाठता येतो, म्हणजे येथून गाडीने तिसरे स्टेशन. व्यावसायिक शिक्षणाकरिता आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील काही प्रवर्गांच्या मुलींची फी राज्य सरकारने २०२४ साली पूर्ण माफ केली, हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण फी हा शिक्षणाच्या खर्चाचा दिसणारा भाग झाला. न दिसणारा भाग वेळेचा आहे. अर्थशास्त्रात त्याला पर्यायी खर्च म्हणतात, म्हणजे एक काम करण्यासाठी जे दुसरे सोडावे लागते त्याची किंमत. मुलगी अभ्यासाला बसली तर नळाचे पाणी कोणी भरायचे, आजीला दवाखान्यात कोणी न्यायचे आणि आई धुण्याभांड्याच्या कामाला गेली असताना लहान भावंडांकडे कोणी पाहायचे? शेवटच्या वर्षाला वर्गातून दिसेनाशा होणाऱ्या मुली फीअभावी जातात त्यापेक्षा ह्या कारणाने अधिक जातात, असा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. शासनाच्या कोणत्याही सवलतीत ह्या खर्चाची भरपाई नाही. घरातल्या पुरुषांनी आपल्या वेळेतून ती करायची असते.

कर्व्यांच्या आयुष्यावरून ह्या बाबतीत काय दिसते? पगाराच्या रकान्यात त्यांच्या शिक्षणाचा परतावा सामान्य होता. निवृत्तिवेतन तीस रुपयांचे. सतराव्या वर्षी नोकरीसाठी निघालेला हा मुलगा त्या शिक्षणाच्या आधाराने तेहेतिसाव्या वर्षी मुंबईची मिळकत सोडू शकला, अडतिसाव्या वर्षी स्वतःची चळवळ बदलू शकला, अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यापीठ काढू शकला आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा प्राथमिक शाळेकडे वळू शकला. ही जमेची बाजू आहे. खर्चाची बाजू काही प्रमाणात बायांच्या नावावर पडली, आणि ती त्यांना न विचारता पडली. बाया शिकलेल्या होत्या म्हणूनच त्यांनी आक्षेप घेतला, नवे कसब मिळवले आणि अखेरीस आपली बाजू पुस्तकात लिहून ठेवली. शारदा सदनात घालवलेली ती थोडी वर्षे नसती तर हा हिशेब आपल्यापर्यंत पोहोचलाच नसता.

कर्व्यांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभरी पुरी झाली त्या वर्षी, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात ते वारले. त्यांच्या नावाची महाविद्यालये, रस्ते आणि वसतिगृहे आज पुष्कळ आहेत. हिंगण्याच्या त्या माळाला तर कर्वेनगर असेच नाव पडले.

आमच्या उपनगरापुरती एक सूचना करून हा लेख आवरतो. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे झोपत असतील तर मुलीने रात्री अभ्यास कोठे करावा, ह्या प्रश्नाला आज उत्तर नाही. महापालिकेच्या शाळांच्या ज्या इमारती सायंकाळनंतर रिकाम्या राहतात, त्यांतले दोन-तीन वर्ग रात्री दहापर्यंत मुलींच्या अभ्यासासाठी उघडे ठेवावेत, तेथे एक शिपाई-बाई असावी आणि बाहेर रस्त्यावर दिवा असावा. ह्याला पंधरा लाखांचा दाता लागत नाही. ह्या भागात नोकरीवर असलेले शिक्षक आणि कारकून ह्यांनी मुरूड फंडाप्रमाणे पगारातला लहानसा अंश बाजूला काढला तर विजेचे बिल आणि शिपाई-बाईचे वेतन सहज निघेल. वर्गांच्या किल्ल्या मात्र महापालिकेलाच द्याव्या लागतील.